पाच माणसं, धरली चार

थंडी पडली की बंगळूरचे रस्ते टरफलांनी हिरवे होतात. हेब्बाळच्या पुलाखाली, के. आर. पुरमच्या बाजारात, जिथे म्हणून हातगाडीला चार चाकं टेकवायला जागा मिळेल तिथे अवरेकाईचे ढीग लागतात. पुण्यामुंबईहून नव्याने आलेल्यांना मी सांगते की हा पावटा, आणि लगेच सांगते की तुमचा तो पावटा नव्हे. तुमच्या पावट्याला हा वास नसतो. इथल्या शेंगेच्या सालीवर एक तेलकट चिकटा असतो, तो बोटांना लागला की साबणालाही दाद देत नाही. कन्नडमध्ये त्याला सोगडु म्हणतात. विकणारी बाई आधी शेंग नाकाशी धरायला देते, भाव नंतर सांगते. पुढचे दोन महिने अख्खं शहर तेच खातं: उप्पिटात अवरेकाई, भातात अवरेकाई, सांबारात तर आहेच. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या बोटांना तो वास असतो आणि तिला माझ्या बोटांचा येत असतो. सगळ्यांना या दिवसांत माहेरी आल्यासारखं वाटतं म्हणे.

मला लाज वाटते.

हे वाक्य असं एकटं लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहिते. तळ्यात सांडपाणी सोडलं, फुटपाथ खाल्ला, झाडं रातोरात कापली की आमची मंडळी मला फोन करतात आणि मी तासाभरात एक पान लिहून देते. पत्रकाचे नियम सोपे असतात. पहिल्या ओळीत राग हवा, दुसरीत कारण, शेवटी मागणी. आणि शत्रू हवा. शत्रूशिवाय पत्रक म्हणजे लग्नपत्रिका. लाज पत्रकात बसत नाही. लाजेला शत्रू नसतो, तिची मागणी काय हे तिचं तिलाही सांगता येत नाही.

या वर्षी थंडी सुरू झाली तशी हेब्बाळ तळ्यामागच्या एका शाळेतून बोलावणं आलं. त्यांनी परसात बाग केली आहे. बागेतून गणित, बागेतून विज्ञान, आणि आलेली भाजी वस्तीतल्या गरजू घरांना वाटायची, म्हणजे सेवा. पालकांसाठी एक पानभर लिहून द्या, जरा जोरदार, असं तिथल्या गणिताच्या बाई म्हणाल्या. तरुण आहेत, माझ्याच वयाच्या, बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. मी वाफ्यांकडे बघत होते. मुलं सुतळीला गाठी मारून काटकोन काढत होती. तीन गाठी, चार गाठी, आणि तिरकी बाजू पाच गाठींची. एका मुलीने दोरी इतकी ताणली होती की तिचे ओठही ताणले गेले होते.

मी त्या दोरीचं टोक धरलेलं आहे. आठवीत, के. आर. पुरममध्ये.

आमच्या शाळेच्या मागे पाण्याची फुटकी टाकी होती आणि तिच्याभोवती रान. नागरत्ना मिस आम्हाला गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवायच्या. त्यांनी ते रान आमच्याकडून साफ करून घेतलं आणि त्यानंतर वर्गात फळ्यावर फारसं काही शिकवलंच नाही. क्षेत्रफळ म्हणजे वाफा. टक्केवारी म्हणजे ओल्या फडक्यात बांधून डब्यात ठेवलेल्या बियांपैकी किती फुटल्या ते. आम्ल आणि अल्क म्हणजे हळदीच्या कागदावर मातीचं पाणी टाकून बघायचं, तो लाल होतो का. आलेख म्हणजे वेलाची उंची. तोवर मला गणित यायचं, पण ते कुठल्यातरी दुसऱ्या गावचं होतं. आता ते नखांत जाऊन बसलं.

आम्ही लावलेली अवरे मात्र फुलायला तयार नव्हती. वेल टाकीवर चढले, कुंपणावर गेले, आणि नुसती पानं. प्रवीण नावाचा एक वाह्यात मुलगा होता, तो रोज वेलाला कोपरापासून हात जोडून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, देवी, या वर्षी तरी पाळणा हलू दे. मिस त्याला ओरडल्या नाहीत. त्यांनी आम्हाला रोजच्या पेपरातून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढायला लावल्या आणि दिवस आखडत जातो त्याची रेघ फळ्याच्या कोपऱ्यात काढायला सांगितली. या जातीला रात्र लांब लागते, त्या म्हणाल्या, पुरेसा अंधार मिळाला की ती आपली आपण फुलते. आणि खरंच, दिवाळीच्या पुढेमागे ती रेघ चांगली खाली उतरली आणि एका सकाळी जांभळट पांढरे तुरे उभे होते. प्रवीणने पेढे मागितले.

त्या दिवसांत मी सुखी होते, हे लिहिलं पाहिजे. कारण घरी सुख नव्हतं.

आमचं घराणं बंगळूरचं जुनं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोडेस्वारांबरोबर आलो आणि इथेच राहिलो, असं आजोबा सांगायचे, जणू काही ते स्वतः त्यातल्या एका घोड्यावर होते. आता घोडे नाहीत, आणि आमचं मराठीही असं की पुण्याचा माणूस दोन वाक्यांत हसतो. बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं, बाजाराच्या रस्त्याला. रस्ता रुंद झाला आणि दुकान त्याच्या पोटात गेलं. यावर मी आज पत्रक लिहीन, असं लिहीन की वाचणाऱ्याचे कान लाल होतील. तेव्हा लिहिलं नाही, कारण घरात कोणी त्या गोष्टीला नावच देत नव्हतं. बाबा महादेवपुऱ्यात एका आयटी पार्कच्या फाटकावर रात्रपाळीला जायला लागले. गणवेश ते पिशवीत घालून न्यायचे आणि तिथे गेल्यावर चढवायचे. आम्ही आधीचं घर सोडून रेल्वे रुळांपलीकडच्या गल्लीत एका खोलीत आलो. आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्यांची खाट खोलीच्या अर्ध्यात, आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही चौघं. हे शाळेत मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईने सांगू नको म्हटलं नव्हतं. तिने एवढंच म्हटलं होतं की आपण काही गरीब नाही, आपली सध्या जरा ओढाताण आहे.

मी त्यावर विश्वास ठेवला. इतका ठेवला की पुढे जे झालं ते मला येताना दिसलंच नाही.

बागेचा एक नियम होता: इथलं काही घरी न्यायचं नाही. स्वतःसाठी शेंग तोडली तर ती सेवा कसली? मिसनी हे फार गोड करून सांगितलं होतं आणि आम्हाला ते पटलंही होतं. आज हा नियम मला कोणी सांगितला तर मी टेबलावर हात आपटेन. पिकवणाऱ्याने आधी खाऊ नये हा कुठला न्याय? पण तेव्हा मी शेंगा तोडायची, बोटं हुंगायची आणि रात्री घरी आईच्या पातळ सारात मुद्दा, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, बुडवून खायची. तीच बोटं सारात बुडायची. ताटात नसलेल्या गोष्टीचा वास हाताला येत राहायचा.

तर वाटप. वस्तीतली घरं अंगणवाडीच्या अक्कांनी निवडून दिली होती. मिसनी आम्हाला नावं सांगितली नाहीत. कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून त्यांनी घरांना अक्षरं दिली: ए घर, बी घर, सी घर, डी घर. प्रत्येकापुढे माणसं किती, त्यांत आजारी कोण, लहान कोण. त्यांनी स्वतःही नावं विचारली नव्हती, हे मला फार नंतर कळलं. त्या भल्या बाई होत्या. अंगणवाडीच्या अक्काही भल्या होत्या. या सगळ्या प्रकरणात एकही वाईट माणूस नाही, आणि माझी खरी पंचाईत तीच आहे.

डी घर म्हणजे आमचं घर.

मी हे आत्ताच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला झुलवत ठेवण्याइतकी ही मौजेची गोष्ट नाही. अंगणवाडीच्या अक्कांकडे आई गेली होती का त्याच आमच्याकडे आल्या होत्या, मला ठाऊक नाही. फळ्यावर लिहिलं होतं: डी घर, माणसं पाच, पैकी एक आजारी वृद्ध, एक लहान मूल. मी ते वाचलं, आणि मला ते कोणाचं तरी घर वाटलं. आजारी म्हातारा आणि लहान मूल कोणाच्या घरात नसतं? गरजू घर. बिचारी माणसं.

शेंगा कमी होत्या. सगळ्या घरांना सारख्या वाटल्या तर मोठ्या घरांवर अन्याय, हे सर्वांना कळत होतं. माणशी वाटल्या तर बरं. मग मी उठले. मी तेव्हाही अशीच होते, उठायची, हात कमरेवर ठेवायची. मी म्हणाले, माणशी तरी सारखं का? लहान मूल किती खातं? आणि खाटेवर पडलेला म्हातारा माणूस किती खातो? त्यांना अर्धं अर्धं धरा. ए घरात सगळी मोठी, कामाला जाणारी माणसं आहेत, त्यांचं पोट जास्त. शेजारच्या बाकावरची मंजुळा म्हणाली की अर्धा माणूस असतो का कुठे. मी म्हणाले, गणितात असतो. वर्ग हसला. मिसनी माझ्या हातात खडू दिला. बघा, त्या म्हणाल्या, याला म्हणतात भार देऊन वाटणं. आणि मी फळ्यावर डी घरापुढचा पाच पुसला आणि चार लिहिले.

तो खडू हातात घेतल्याचा आनंद मला अजून आठवतो. सगळ्यात जास्त लाज मला त्या आनंदाची वाटते. चूक वगैरे नव्हती ती. उत्तर बरोबरच होतं. आहारशास्त्रातही असंच काहीसं धरतात, हे मी पुढे वाचलं, आणि वाचून मला जराही बरं वाटलं नाही. मी आजोबांचा अर्धा भाग पुसला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. मिसची आणखी एक पद्धत होती. नुसती टोपली दाराशी ठेवायची नाही. प्रत्येक घरी एका मुलाने हिशेब समजावून सांगायचा. गणित समजलं की नाही ते दुसऱ्याला समजावताना कळतं, आणि ज्याला द्यायचं त्याला कळायला हवं की भीक नाही, हिशेबाने आलेला वाटा आहे. विचार म्हणून उत्तमच. मंजुळा, प्रवीण आणि मी, आमच्याकडे डी घर आलं. समजावणारी अर्थात मी. अंगणवाडीच्या अक्का पुढे चालत होत्या. रूळ ओलांडले तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर आमच्याच बाजूचा रस्ता. गल्लीत वळलो तेव्हा वाटलं की पलीकडच्या घरात असेल. अक्कांनी आमच्या दारावर टकटक केलं, आम्हाला पुढे केलं आणि त्या शेजारच्या दाराशी कोणाशी तरी बोलायला थांबल्या. त्या गल्लीत नवीन आलेल्या आम्हाला त्या तरी कुठे ओळखत होत्या. त्यांना घर माहीत होतं, घरातली शाळेत जाणारी मुलगी नव्हती माहीत.

आईने दार उघडलं.

तिने आधी टोपली पाहिली, मग मंजुळाला, मग प्रवीणला, मग मला. माझ्या तोंडून आवाज निघणार होता की नाही, कोणता निघणार होता, हे मला सांगता यायचं नाही. त्याआधीच ती बोलली. कन्नडमध्ये.

"यारू बेकित्तु?"

कोण हवं होतं, असं तिने आम्हाला विचारलं. मला विचारलं. जन्मापासून माझ्याशी मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत न बोललेल्या आईने.

"शालेयिंद, अक्का," मी म्हणाले. शाळेतून आलोय.

आईला अक्का. बंगळूरमध्ये कुठल्याही बाईला अक्का म्हणतात, भाजीवालीला, कंडक्टरणीला. त्यामुळे ते अगदी खपून गेलं. इतकंच काय, आईच्या पदरामागून माझा धाकटा भाऊ आला आणि मला बघून आनंदाने अक्का अक्का करू लागला, कारण आमच्या घरात थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, तेसुद्धा खपून गेलं. प्रवीण म्हणाला, बघ, किती पटकन ओळख करतो. आणि त्याने त्याचा गाल ओढला.

मग मी हिशेब सांगितला. आईला, तिच्याच दारात उभं राहून, पुस्तकी कन्नडमध्ये. की घरात माणसं पाच आहेत, पण त्यांत एक आजारी वृद्ध आहेत आणि एक लहान मूल, म्हणून दोघांचा मिळून एक माणूस, म्हणजे पाच माणसं, धरली चार. आई ऐकत होती. मधे मधे मान हलवत होती, शाळेत पालकसभेला हलवते तशी. आतून आजोबांचा आवाज आला, मराठीत, कोण आलंय ग? आईने वळून मराठीत उत्तर दिलं की शाळेची मुलं आली आहेत, मामंजी.

मंजुळाचे कान तीक्ष्ण. तिने मला कोपराने ढोसलं. "ए, तुमचीच माणसं की ही. बोल ना तुझ्या भाषेत."

आई हसली. मंजुळाकडे बघून कन्नडमध्येच म्हणाली, "त्यांचं मराठी वेगळं असतं पोरी, आमचं वेगळं. आम्हाला आपलं कन्नडच बरं." आणि टोपली घेताना तिचे हात माझ्या हातांना लागले, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही. हिशेब बरोबर आहे, ती म्हणाली. मग म्हणाली, "जा मुलांनो, अजून घरं असतील."

नव्हती. पण आम्ही गेलो. मी त्यांच्याबरोबर रुळांपर्यंत गेले, तिथून काहीतरी काम काढून उलटी फिरले आणि अंधार पडेपर्यंत स्टेशनच्या जिन्यावर बसून राहिले. घरी जायचं कुठल्या तोंडाने हा वाक्प्रचार मला तोवर उगाच वाटायचा.

घरी अवरेकाईचं सार झालं होतं, दाट. खोली त्या वासाने भरली होती. आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, हातपाय धू. दुपारी बाहेर गेलेले बाबा आता कामावर जाण्याआधी जेवत होते आणि त्यांना कशातलंच काही ठाऊक नव्हतं. आज काय बेत आहे, असं ते दोनदा म्हणाले. आजोबांना मात्र सगळं ठाऊक होतं. पाय गेले होते, कान शाबूत होते, आणि नातीचा आवाज कुठल्याही भाषेत ओळखता येतो. मी त्यांना भरवायला बसले. दोन घास खाऊन ते तिरक्या ओठांनी म्हणाले, "मिस्सम्मा, अर्ध्या माणसाला आणखी एक डाव वाढायला सांगा की. अर्धा जिवंत आहे तो भुकेचा आहे." आणि हसले. आई चुलीकडे तोंड करून होती. मीही हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून हसले की मला, कोण जाणे. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्या घासांनंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आई आणि मी तर कधीच नाही.

मी मात्र बोलायला शिकले. दुसऱ्या सगळ्याबद्दल. कॉलेजात पहिला मोर्चा मिळाला आणि मला कळलं की रागाला जागा असते, माणसं असतात, माईक असतो. गेली काही वर्षं मी या शहरात रागावत हिंडते आहे. शनिवारी आयटीतली मंडळी सारखे टीशर्ट घालून वस्तीतल्या शाळांत वाफे खणायला येतात, त्यांत आपली मराठी मुलंही असतात, आणि एखादी म्हणते, कसली गोड आहेत ना ही पोरं, किती कमीत खूश असतात. मी तिला तिथल्या तिथे मराठीत सुनावते. ती दचकते. तिला वाटलेलं असतं की इथे तिचं बोलणं कोणाला कळत नाही. देणाऱ्याला लाज वाटली पाहिजे, घेणाऱ्याला नव्हे, असं मी किमान चार पत्रकांत लिहिलं आहे. लोकांना ते वाक्य आवडतं. कोणीतरी ते भिंतीवरही रंगवलं. मी त्या भिंतीवरून जाते तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

कारण मी दोन्ही होते. देणारीही मी आणि घेणारीही मी, आणि लाज दोन्हीकडून आली. माझं वाक्य भिंतीवर शोभतं, पण त्या दारात ते उभं राहत नाही.

हेब्बाळच्या शाळेतल्या बाईंना मी दुसऱ्या भेटीत सांगितलं की भाजी आधी पिकवणाऱ्या मुलांच्या घरी जाऊ द्या. सगळ्यांच्या, काही न विचारता. उरली तर वस्तीत. आणि घरांना अक्षरं देऊ नका. त्यांना ते नीट कळेना. त्या म्हणाल्या, "पण नावं लपवली की कोणाला वाईट वाटत नाही ना? उलट ते चांगलंच." मी तोंड उघडलं. मी, जी महापालिकेच्या इंजिनियरला त्याच्याच खुर्चीत घाम फोडते. माझ्याकडे कारण होतं, मागणी होती, आणि त्या दोहोंच्या मध्ये जे सांगायला हवं ते सांगता येईना. जरा विचार करते म्हणाले आणि निघाले. मागे मुलं कुठल्यातरी घराच्या माणसांचा भागाकार मोठ्याने करत होती.

त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात बसून भिजवलेले दाणे सोलत होती. अवरेचे दाणे भिजवून दोन बोटांत दाबले की साल मागे राहते आणि डाळ टुणकन उडते; हितकबेळे म्हणतात त्याला, आणि हे काम ज्याला घाई नाही त्यानेच करावं. मी तिच्यासमोर बसले. आम्ही दोघी काही वेळ दाणे उडवत होतो. मग मी विचारलं. इतक्या वर्षांनी, आणि विचारताना माझा आवाज पत्रकी झाला, जणू तीच कोणी अधिकारी आहे. की त्या दिवशी दारात तू कन्नडमध्ये का बोललीस? तुला तुझी लाज वाटली, का माझी अडचण होऊ नये म्हणून?

मला वाटत होतं की या दोहोंपैकी एक उत्तर येईल. मी दोन्हींची तयारी केली होती. पहिलं आलं तर मी चिडणार होते, त्या रस्त्यावर, दुकान गिळणाऱ्यांवर, सगळ्यांवर. दुसरं आलं तर रडणार होते.

आईने कोणता दिवस असं विचारलं नाही. हातातला दाणा दाबला, डाळ भांड्यात पडली.

"तू मला ओळख दाखवली नसतीस, तर ते मला सोसलं नसतं ग," ती म्हणाली. "म्हणून मीच आधी बोलले."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची ती चिडकी धून वाजत होती. ती थांबेपर्यंत मी दाणे सोलत राहिले. आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलीने दारात आपल्याला नाकारावं हे तिने एका नजरेत शक्य धरलं, त्याला भार दिला, आणि ते घडायच्या आत स्वतःच मला परकी करून टाकलं. म्हणजे मग नाकारणारी ती झाली, मी नाही.

"मी दाखवली असती," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. महापालिकेच्या खिडकीपलीकडून मला ते रोज ऐकू येतं: आम्ही करणारच होतो मॅडम, आमच्या यादीत होतंच. त्या लोकांना मी पुढचा प्रश्न विचारते, कधी, कुठे, कशावरून, आणि त्यांची मान खाली जाईपर्यंत सोडत नाही.

आईने पुढचा प्रश्न विचारला नाही. "असेल," ती म्हणाली, आणि मला जाऊ दिलं.